मजकुराची चौकट घडवताना : मोबाईल ॲप शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मोबाईल ॲप लिहायला शिकणारा माणूस पहिल्या आठवड्यात बटण करतो, दुसऱ्या आठवड्यात यादी करतो आणि मग मजकूर लिहिण्याच्या चौकटीपाशी येऊन अडकतो. चौकट पडद्यावर दिसायला सर्वांत साधी असते. प्रत्यक्षात बटणावर फक्त बोट पडते, चौकटीत मात्र माणूस लिहितो, खोडतो, मधूनच दुरुस्त करतो, दुसरीकडून उचलून चिकटवतो आणि अर्धवट सोडून फोनही घेतो. गोव्यातील फोंड्यात काही विद्यार्थ्यांना ॲप बनवायला शिकवताना मला दरवर्षी हाच टप्पा सर्वांत जास्त वेळ खाणारा ठरतो, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचे (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या आरासीचे) सामान घरपोच मागवण्याचे एक लहान ॲप करायचे आहे. त्यात ग्राहकाचे नाव, पत्ता, पिन कोड, मोबाईल क्रमांक, रक्कम आणि ‘विशेष सूचना’ अशा सहा चौकटी आहेत. साधन म्हणून मी फ्लटर हा ॲप बनवण्याचा आराखडा आणि डार्ट ही त्याची भाषा धरली आहे. अँड्रॉइडचे कंपोझ किंवा ॲपलचे स्विफ्टयूआय वापरणाऱ्यांना नावे वेगळी दिसतील, पण अडचणी त्याच भेटतील. संगणकीय आज्ञा मी अक्षरशः लिहून दाखवणार नाही. काय करायचे आणि का करायचे, हे शब्दांत सांगणार आहे.

पहिली पायरी : काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही

‘आमच्या ॲपला स्वतःची वेगळी चौकट हवी’ असे म्हणणाऱ्याला बहुधा वेगळे रूप हवे असते, म्हणजे कडा, रंग, लेबलाची जागा, आतले चिन्ह, चुकीचा संदेश इत्यादी. काही वेळा वेगळा नियमही हवा असतो, जसे की फक्त आकडे, ठरावीक लांबी किंवा आपोआप पडणारे स्वल्पविराम. मात्र लिहिण्याची यंत्रणा नवी हवी, अशी गरज क्वचितच असते. कर्सर लुकलुकणे, शब्द निवडण्याच्या दोन्ही मुठी, कॉपी-पेस्टचा मेनू, कीबोर्डशी चालणारी देवाणघेवाण, टॉकबॅक व व्हॉइसओव्हर या पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयींना मजकूर पुरवणे आणि साठवलेला पत्ता आपोआप भरणे ही सगळी कामे तयार घटक गुपचूप करत असतो. नवशिक्याने रिकाम्या कॅनव्हासवर अक्षरे रंगवून स्वतःची चौकट उभी केली, तर यातील एकही काम फुकट मिळत नाही.

फ्लटरमध्ये याचे तीन थर आहेत. सर्वांत खाली ‘एडिटेबलटेक्स्ट’ हा मूळ घटक असतो, त्यावर सजावट चढवलेला ‘टेक्स्टफील्ड’ असतो आणि फॉर्मच्या तपासणीशी जोडलेला ‘टेक्स्टफॉर्मफील्ड’ त्याच्याही वर असतो. माझा सल्ला असा की टेक्स्टफॉर्मफील्डपासून सुरुवात करावी, त्याभोवती आपला एक घटक रचावा, त्याला ‘माटोळीचौकट’ असे काही नाव द्यावे आणि ॲपमध्ये सर्वत्र तोच वापरावा. एडिटेबलटेक्स्टपर्यंत खाली उतरण्याची वेळ माझ्यावर आजवर दोनदाच आली, आणि त्यातील एकदा ती उतरण टाळता आली असती.

दुसरी पायरी : चौकटीत फक्त मजकूर नसतो

चौकटीची स्थिती म्हणजे तीत दिसणारी अक्षरे, असा बहुतेकांचा समज असतो. खरे पाहता ती तीन गोष्टींची मिळून बनते. पहिली गोष्ट मजकूर. दुसरी गोष्ट निवड, म्हणजे कर्सर कोठे आहे किंवा कोठून कोठपर्यंतचा भाग निवडला आहे. तिसरी गोष्ट जुळणी, म्हणजे कीबोर्डने अजून पक्का न केलेला, बहुधा खाली रेघ मारून दाखवलेला तुकडा. फ्लटरमध्ये या तिन्हींना एकत्र बांधणारे मूल्य ‘टेक्स्टएडिटिंगव्हॅल्यू’ या नावाने ओळखले जाते आणि ते ‘टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर’जवळ असते.

हे कळले की नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारींचे मूळ सापडते. ‘मी मजकूर बदलला की कर्सर भलतीकडे जातो’ ही तक्रार घ्या. कंट्रोलरचा फक्त मजकूर बदलला की निवड आणि जुळणी पुसली जातात, म्हणून मजकूर बदलायचाच असेल तर तिन्ही भागांचे संपूर्ण नवे मूल्य द्यावे आणि कर्सर कोठे असावा हे आपण ठरवून सांगावे.

कंट्रोलरबाबतची दुसरी चूक त्याच्या जन्मस्थानाची आहे. पडदा रंगवणाऱ्या ‘बिल्ड’मध्येच कंट्रोलर तयार केला, तर पडदा पुन्हा रंगवला जाताना दरवेळी नवा, रिकामा कंट्रोलर येतो आणि ग्राहकाने लिहिलेले नाहीसे होते. कंट्रोलर आणि फोकस सांभाळणारा ‘फोकसनोड’ हे दोन्ही स्थिती बाळगणाऱ्या घटकात एकदाच निर्माण करावेत आणि तो घटक संपताना ‘डिस्पोज’मध्ये मोकळे करावेत. मात्र ज्याने निर्माण केले त्यानेच मोकळे करावे. आपल्या माटोळीचौकटीला कंट्रोलर बाहेरून दिलेला असेल, तर तो आत मोकळा करू नये.

तिसरी पायरी : रूप, आणि देवनागरीला लागणारी जागा

लेबल चौकटीबाहेर वर असावे किंवा लिहू लागताच वर सरकणारे असावे, पण ते शेवटपर्यंत दिसत राहिले पाहिजे. आतल्या फिकट सूचनेलाच लेबल मानण्याची पद्धत सुटसुटीत दिसते, पण पहिले अक्षर पडताच सूचना नाहीशी होते आणि मागे वळून तपासणाऱ्याला कोणत्या चौकटीत काय लिहिले ते कळत नाही. स्पर्शाचे क्षेत्र गुगलच्या मटेरियल नियमांनुसार किमान ४८ डीपी आणि ॲपलच्या नियमांनुसार किमान ४४ पॉइंट उंच असावे. मजकूर व पार्श्वभूमी यांच्या रंगांतील फरक किमान ४.५ ला १ असावा, कारण म्हापशाच्या बाजारात भर दुपारी ताडपत्रीच्या कडेला उभे राहून फोन पाहणाऱ्याला फिकट राखाडी अक्षरे दिसत नाहीत.

येथे मराठी ॲप करणाऱ्यांनी थोडे थांबावे. चौकटीची उंची ठरावीक आकड्यात बांधून टाकण्याची सवय रोमन अक्षरांवर खपून जाते, पण देवनागरीत रेघेच्या वर रफार, वेलांटी व अनुस्वार एकत्र येतात आणि रेघेखाली उकार लोंबतात. ‘मूर्तींसाठी दूर्वांची जुडी’ एवढे वाक्य आपल्या चौकटीत लिहून पाहावे. ‘र्तीं’वरचा अनुस्वार कापला गेला किंवा ‘दू’चा ऊकार खालच्या कडेत घुसला, तर उंची बांधलेली आहे असे समजावे. त्यावर उपाय म्हणजे उंची न बांधता आतली मोकळी जागा वर आणि खाली द्यावी, ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट ठेवावी आणि फॉन्ट फोनवर सोडू नये. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ यांसारखा मोफत उपलब्ध असलेला फॉन्ट ॲपबरोबरच द्यावा, म्हणजे प्रत्येक फोनवर चौकट सारखीच दिसेल. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे सर्वांत मोठी करून तीच कसोटी पुन्हा घ्यावी. घरातील वडीलधारी मंडळी फोन बहुधा तसाच वापरतात.

चौथी पायरी : फोकस आणि कीबोर्ड

चौकटीवर बोट पडले की कीबोर्ड वर येतो आणि अर्धा पडदा झाकतो. लिहिली जाणारी चौकट त्याखाली गाडली जाऊ नये म्हणून संपूर्ण फॉर्म सरकणाऱ्या घटकात ठेवावा. फ्लटरचा ‘स्कॅफोल्ड’ कीबोर्ड आल्यावर स्वतःला आक्रसून घेतो, पण आतला भाग सरकत नसेल तर त्या आक्रसण्याचा उपयोग होत नाही आणि पिवळे-काळे पट्टे दिसू लागतात. कीबोर्डच्या कोपऱ्यातील कळ एका ओळीच्या चौकटींत ‘पुढे’ अशी असावी, त्यांतील शेवटच्या चौकटीत ‘झाले’ अशी असावी, आणि अनेक ओळींच्या सूचनांच्या चौकटीत ती नवी ओळ देणारीच ठेवावी.

कीबोर्डचा प्रकार मागणे ही फक्त विनंती असते. आकड्यांचा कीबोर्ड मागितला म्हणजे चौकटीत आकडेच येतील, असे मुळीच नाही. दुसरीकडून चिकटवलेला मजकूर, जोडलेला बाहेरचा कीबोर्ड आणि आपोआप भरणारी सोय या तिन्ही वाटांनी काहीही आत येऊ शकते. शिवाय आयफोनच्या आकड्यांच्या कीबोर्डवर ‘झाले’ ही कळच नसते, तेव्हा कीबोर्ड मिटवण्याची दुसरी सोय आपण ठेवावी लागते. पत्त्याच्या चौकटीला आकड्यांचा कीबोर्ड लावण्याची चूक गोव्यात तर करूच नये, कारण येथील घर क्रमांकांत तिरकी रेघ आणि पुढे अक्षरही येऊ शकते, आणि त्यानंतर वाडा (गावातील वस्ती), गाव व तालुका हे सगळे असते. पत्त्यासाठी तीन-चार ओळींची साधी चौकट पुरते.

नाव व पत्ता यांच्या चौकटींत आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवावी. कीबोर्डच्या शब्दसंग्रहात नसलेले आडनाव तो आपल्या समजुतीने सुधारतो आणि ग्राहकाला ते पावतीवरच दिसते.

पाचवी पायरी : येणारा मजकूर गाळणे

फ्लटरमध्ये चौकटीला ‘इनपुटफॉरमॅटर’ची यादी देता येते. प्रत्येक फॉरमॅटरला जुने मूल्य आणि येऊ घातलेले नवे मूल्य मिळते आणि तो प्रत्यक्षात ठेवायचे मूल्य परत करतो. यादीतील क्रम महत्त्वाचा असतो, कारण पहिल्याने परत केलेले दुसऱ्याच्या हाती जाते.

पिन कोड हे याचे चांगले उदाहरण आहे. नवशिका येथे ‘फक्त आकडे’ हा तयार फॉरमॅटर लावतो आणि निश्चिंत होतो. हा फॉरमॅटर फक्त रोमन आकडे, म्हणजे इंग्रजीत लिहितात ते 0 ते 9, ओळखतो. मराठी मांडणीच्या कीबोर्डवरून ग्राहकाने ४०३५०७ असे देवनागरीत लिहिले, तर प्रत्येक आकडा येताक्षणी गाळला जातो आणि ग्राहकाला चौकट बिघडलेली वाटते. डार्टचे पूर्णांक वाचणारे फंक्शनही देवनागरी आकडे स्वीकारत नाही. म्हणून यादीत सर्वांत आधी आपला स्वतःचा छोटा फॉरमॅटर ठेवावा. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि रोमन शून्याचा क्रमांक ४८ आहे, आणि दोन्हीकडे पुढचे नऊ आकडे ओळीने येतात. म्हणजेच देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की रोमन आकडा मिळतो. एका अक्षराच्या जागी एकच अक्षर येत असल्याने कर्सरची जागा जशीच्या तशी ठेवता येते. त्यानंतर गाळणी आणि शेवटी लांबीची मर्यादा लावावी. साठवताना रोमन आकडे आणि दाखवताना हवे तर देवनागरी, ही विभागणी पुढे फार उपयोगी पडते.

पिन कोडचीच माझी एक फजिती सांगण्यासारखी आहे. गोव्यातील सर्व पिन कोड ४०३ने सुरू होतात, म्हणून एका कामात मी ते तीन आकडे चौकटीत कायमचे छापून टाकले आणि ग्राहकाकडून उरलेले तीनच मागितले. हाताने लिहिणाऱ्यांचे ठीक चालले. पण ज्यांनी पूर्ण पिन कोड चिकटवला किंवा फोनने तो आपोआप भरला, त्यांचे पहिले तीन आकडे ठेवून बाकीचे कापले गेले आणि नोंदवहीत ४०३४०३ असे दिसायला बिनचूक, पण चुकीचे पिन कोड जमा झाले. त्यातच सावंतवाडीच्या ४१६५१०वर सामान पाठवायची मागणी आली तेव्हा चौकटीत तो लिहायला जागाच नव्हती. आता मी सहाही आकडे विचारतो, पहिला आकडा शून्य नाही एवढेच पाहतो, आणि ४०३ नसेल तर अडवत नाही. ‘हा पत्ता गोव्याबाहेरचा आहे का?’ एवढे विचारून पुढे जाऊ देतो.

मोबाईल क्रमांकाची तऱ्हा वेगळी. लोक तो संपर्कयादीतून उचलून चिकटवतात आणि त्याबरोबर अधिक चिन्ह, ९१ व मधली मोकळी जागाही येते. १० आकड्यांची मर्यादा सरळ लावली तर पुढचे ९१ राहतात आणि मागचे दोन आकडे कापले जातात. मर्यादा सैल ठेवावी, चौकट सोडताना आकड्यांखेरीज सर्व काढून टाकावे, आकडे १२ असून सुरुवात ९१ने होत असेल तरच ते दोन काढावेत, ११ असून पहिला शून्य असेल तर तो काढावा, आणि मग १० आकडे उरले व पहिला ६ ते ९ यांपैकी असला की क्रमांक स्वीकारावा. लिहिता लिहिताच ९१ काढू नयेत, कारण ९१ने सुरू होणारा खरा दहा आकडी क्रमांकही असू शकतो.

रकमेत स्वल्पविराम घालणे हे सर्वांत किचकट काम आहे, कारण येथे अक्षरांची संख्या बदलते. समजा, चौकटीत १२,३४५ आहे आणि कर्सर २च्या मागोमाग आहे. ग्राहकाने तेथे ९ दाबला की आकडे १२९३४५ होतात आणि आपल्या पद्धतीने ते १,२९,३४५ असे लिहावे लागतात. आता कर्सर कोठे ठेवायचा? अक्षरांच्या जागा मोजत बसू नये, कर्सरच्या डावीकडे किती आकडे होते ते मोजावे. येथे ते तीन आहेत, म्हणून नव्या मजकुरात तिसऱ्या आकड्यानंतर, म्हणजे चौथ्या जागेनंतर कर्सर ठेवावा. खोडण्याचीही एक खोच आहे. स्वल्पविरामाच्या लगेच पुढे कर्सर असताना खोडण्याची कळ दाबली की फक्त स्वल्पविराम जातो, आपला फॉरमॅटर तो पुन्हा घालतो आणि ग्राहक कितीही वेळा कळ दाबो, काहीच घडत नाही. मजकूर आखूड झाला पण आकडे तेच राहिले, असे दिसले तर स्वल्पविरामाच्या आधीचा आकडा आपण काढावा. हे सगळे करण्याची हौस नसेल त्यांनी लिहिताना साधे आकडे राहू द्यावेत आणि चौकट सोडल्यावर स्वल्पविराम घालावेत. माझ्या मते नवशिक्यांसाठी हाच मार्ग बरा, आणि जाणत्यांसाठीही बहुधा हाच.

सहावी पायरी : जुळणीतला तुकडा कीबोर्डचा असतो

मराठी लिहिणारे अनेक जण रोमन अक्षरे दाबून देवनागरी शब्द मिळवणारा कीबोर्ड वापरतात. शब्द पूर्ण होऊन पर्याय निवडला जाईपर्यंत चौकटीत जो तुकडा दिसतो तो कच्चा असतो आणि त्याचा हिशेब कीबोर्डने स्वतःजवळ ठेवलेला असतो. या अवस्थेत आपल्या फॉरमॅटरने मधले एखादे अक्षर काढले किंवा बदलले, तर कीबोर्डचा हिशेब आणि चौकटीतला मजकूर यांची फारकत होते. मग अक्षरे दोनदा उमटतात, आधीचा शब्द पुसला जातो किंवा कर्सर शब्दाच्या मध्ये अडकतो. फक्त इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला हा दोष उशिरा कळतो.

नियम सोपा आहे. फॉरमॅटरने आधी नव्या मूल्यातील जुळणीचा भाग पाहावा, तो वैध असून रिकामा नसेल तर नवे मूल्य जसेच्या तसे परत करावे, आणि जुळणी संपल्यावरच आपले काम करावे. लांबीच्या मर्यादेसाठी फ्लटरमध्ये ‘जुळणी संपल्यावरच कापा’ असा पर्याय तयार मिळतो, तो मराठी मजकुराच्या चौकटींना द्यावा. मात्र यामुळे ‘पाठवा’ दाबले जाण्याच्या क्षणीही कच्चा तुकडा शिल्लक असू शकतो, म्हणून शेवटची तपासणी फॉरमॅटरवर न सोपवता पाठवताना पुन्हा करावी. आयफोनच्या मूळ आराखड्यात याच कच्च्या तुकड्याला ‘मार्क्ड टेक्स्ट’ म्हणतात. नाव वेगळे असले तरी त्याला हात लावल्याचे परिणाम तेच होतात.

याच कारणासाठी खोडण्याच्या कळीचे वागणे स्वतः ठरवू नये. ‘म्हा’ लिहिल्यावर फक्त काना खोडून ‘म्ह’ मिळावा, अशी मराठी लिहिणाऱ्याची अपेक्षा असते आणि अनेक कीबोर्ड तसेच वागतात. ‘एक अक्षर एकदम खोडावे’ असा ‘सुधारलेला’ नियम एका विद्यार्थ्याने बसवला होता. दोन दिवसांत त्याच्याच आईने तो काढायला लावला.

सातवी पायरी : लांबी कशात मोजायची

‘म्हापसा’ या शब्दात अक्षरे किती? माणूस तीन म्हणेल. युनिकोडच्या हिशेबाने त्यात म, हलन्त, ह, काना, प, स आणि काना अशी सात चिन्हे आहेत, आणि डार्ट लांबी विचारल्यावर सातच सांगते. यूटीएफ-८ मध्ये साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. दृश्य अक्षरांनुसार मोजणाऱ्या नियमांतही फरक पडला आहे. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर एकसंध मानले जाते, त्याआधी ते हलन्तापाशी तुटत असे. त्यामुळे जुन्या नियमाने ‘म्हापसा’ चार भरतो आणि नव्याने तीन. ‘त्र्यंबक’ हे नाव जुन्या हिशेबाने पाच, नव्याने तीन आणि चिन्हांच्या हिशेबाने आठ भरते.

चौकटीखालचा मोजणीचा आकडा दृश्य अक्षरांचा असावा, कारण तो माणसासाठी आहे. फ्लटरची तयार मर्यादा तशीच मोजते. पण मजकूर पुढे कोठे जाणार आहे, त्याची मर्यादा वेगळी तपासावी. सूचनांचा मजकूर विक्रेत्याला एसएमएसने जाणार असेल तर देवनागरी संदेशात ७० चिन्हेच मावतात, आणि संदेश लांबल्यास प्रत्येक तुकड्यात ६७. इंग्रजीच्या सवयीने १६० ही मर्यादा ठेवली, तर एका सूचनेचे तीन संदेश होतात आणि खर्च तिप्पट येतो.

आठवी पायरी : नावाची चौकट, जिला नियम जवळपास नकोत

नावात फक्त अक्षरे असावीत, असा नियम बसवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मजकुराचा नमुना सांगणाऱ्या डार्टच्या नियमांत (रेगएक्समध्ये) ‘शब्दातील अक्षर’ दर्शवणारे लघुरूप रोमन लिपीपुरतेच आहे, तेव्हा त्याने मराठी नाव सरळ नाकारले जाते. युनिकोडचा ‘अक्षर’ हा वर्ग वापरला तरी काम होत नाही, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे ‘चिन्ह’ या दुसऱ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग घ्यावे लागतात आणि नियम युनिकोड पद्धतीने वाचावा असे डार्टला वेगळे सांगावे लागते. त्याखेरीज न दिसणारी दोन जोडचिन्हेही येऊ द्यावी लागतात, कारण काही कीबोर्ड ‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील अर्धा र लिहिताना त्यांचा आधार घेतात. ती ‘रिकामी’ समजून काढली तर शब्दाचे रूप बदलते.

गोव्यात याच्याही पुढे जावे लागते. रोमन लिपीत आपले आडनाव वरच्या स्वल्पविरामासह लिहिणारे लोक आहेत, आणि आयफोन तो सरळ स्वल्पविराम आपणहून वळणदार करतो. पोर्तुगीज वळणाच्या नावांत अक्षरावर लाटेसारखी खूण येते, आणि ती अक्षरासह एकाच चिन्हात किंवा अक्षर व खूण अशा दोन चिन्हांत लिहिली जाऊ शकते. दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात, पण शोध घेताना जुळत नाहीत, म्हणून साठवण्यापूर्वी मजकूर युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणावा. इतक्या सगळ्या खुणा गोळा करून नियम लिहिण्यापेक्षा मी नावाच्या चौकटीला दोनच अटी घालतो. ती रिकामी नसावी आणि अवास्तव लांब नसावी. दोन्ही टोकांची मोकळी जागा काढून टाकतो, आत काय लिहिले आहे त्याला हात लावत नाही.

नववी पायरी : सहा खणांची चौकट

मोबाईल पडताळणीचा सहा आकडी संकेतांक विचारताना डिझाइन करणारे बहुधा सहा वेगळे खण काढून देतात, आणि नवशिका सहा वेगळ्या चौकटी करून एकीतून दुसरीत फोकस उडवत बसतो. मग सहा आकडे एकदम चिकटवता येत नाहीत, एसएमएसमधून आपोआप भरला जाणारा संकेतांक पहिल्याच खणात अडतो, रिकाम्या खणात खोडण्याची कळ दाबल्याचे चौकटीला कळत नाही, आणि टॉकबॅक ‘चौकट, चौकट, चौकट’ असे सहा वेळा म्हणते.

चौकट एकच ठेवावी. ‘स्टॅक’मध्ये खाली खरी चौकट ठेवून तिचा मजकूर पारदर्शक करावा व कर्सर लपवावा, आणि वर कंट्रोलरच्या मूल्यावरून सहा खण रंगवावेत. खणांना स्पर्श घेऊ देऊ नये, म्हणजे बोट खालच्या खऱ्या चौकटीवरच पडेल. पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीपासून खण वगळावेत आणि चौकटीला ‘सहा आकडी संकेतांक’ असे लेबल द्यावे. आपोआप भरण्यासाठी ‘एकदाच वापरायचा संकेतांक’ हा इशारा लावावा. निवडीची सोय मात्र बंद करू नये, कारण ती बंद करताच दाबून धरल्यावर येणारा पेस्टचा मेनूही जातो. पिन कोडला असे खण करण्याची मागणी आली तर मी नम्रपणे नकार देतो, कारण तेथे साधी चौकट लोकांना पाठ झालेली आहे.

दहावी पायरी : चूक केव्हा दाखवायची

पहिला आकडा लिहिताच ‘पिन कोड चुकीचा आहे’ असे लाल अक्षरांत सांगणे उद्धटपणाचे आहे. चौकट सोडली जाईपर्यंत थांबावे, मग चूक दाखवावी, आणि एकदा दाखवल्यानंतर दुरुस्त होताच लगेच काढून घ्यावी. संदेशात काय करायचे ते असावे, म्हणजे ‘अवैध’ न म्हणता ‘पिन कोडचे सहा आकडे लिहावेत, आता पाच आहेत’ असे म्हणावे. चूक फक्त रंगाने दाखवू नये, सोबत चिन्ह आणि शब्द असावेत. संदेशासाठीची जागा चौकटीखाली आधीपासून राखून ठेवावी, नाही तर संदेश येताच खालचे बटण सरकते आणि बोट भलत्याच ठिकाणी पडते.

अकरावी पायरी : प्रत्यक्ष फोनवर पाहणे

संगणकावरील आभासी फोन येथे पुरेसा नाही, कारण तेथे बहुधा संगणकाचाच कीबोर्ड वापरला जातो आणि जुळणीचा प्रश्न उभाच राहत नाही. एक स्वस्त अँड्रॉइड फोन आणि मिळाल्यास एक आयफोन घ्यावा, दोन्हींवर मराठीचे दोन वेगळे कीबोर्ड बसवावेत आणि प्रत्येक चौकटीत लिहून, मधूनच खोडून, दुसरीकडून चिकटवून आणि बोलून मजकूर भरून पाहावा. पावसाळ्यात ओल्या बोटांनीही एकदा पाहावे. चवथीची खरेदी पावसातच होते आणि ओल्या पडद्यावर कर्सर हवा तेथे बसत नाही, तेव्हा चौकटीतला मजकूर एकदम पुसणारे फुलीचे चिन्ह उपयोगी पडते. मग टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, संपूर्ण मागणी नोंदवून पाहावी.

चाचणीच्या काळात काय लिहिले गेले ते नोंदीत उतरवण्याचा मोह टाळावा. दोष शोधायला मजकुराची लांबी, कर्सरची जागा आणि जुळणी चालू होती की नाही एवढे पुरते, ग्राहकाचे नाव व क्रमांक तेथे साठवण्याचे कारण नाही. सर्वांत शेवटी सूचनांच्या चौकटीत ‘सुपारीचा घोस मोठा हवा’ असे लिहीत असताना, शेवटचा शब्द अजून कच्चा असतानाच, दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच फोन लावावा, बोलून झाल्यावर ॲपमध्ये परत यावे आणि वाक्य जेथे थांबले होते तेथून पुढे लिहिता येते का ते पाहावे.